पहारा कोणी द्यायचा, भुर्दंड कोणी सोसायचा?

मुंबईत महालक्ष्मी स्थानकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर शक्ती मिल नावाची एक बंद गिरणी होती. १९८० च्या दशकात तिचे भोंगे थांबले, कंपनी अवसायनात निघाली आणि जागेचा ताबा अधिकृत अवसायकाकडे गेला. छपरे कोसळली, भिंती ढासळल्या, रान माजले आणि शहराच्या ऐन मध्यावर, लोकलच्या रुळांना लागून, एक ओसाड बेट तयार झाले. २२ ऑगस्ट २०१३ रोजी संध्याकाळी आपल्या कामासाठी या आवारात छायाचित्रे घ्यायला गेलेल्या एका तरुण पत्रकार स्त्रीवर तेथे सामूहिक बलात्कार झाला. तिने धैर्याने फिर्याद दिली. तपास सुरू झाल्यावर आणखी एक स्त्री पुढे आली. तिच्यावर त्याच आवारात, त्याच टोळक्यातील काही जणांनी, ३१ जुलैला, म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांपूर्वी, तसाच अत्याचार केला होता.

पुढचा इतिहास वाचकांच्या स्मरणात असेल. २०१४ च्या मार्चमध्ये आरोपी दोषी ठरले, एप्रिलमध्ये त्यांपैकी तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती आजन्म कारावासात बदलली. फाशी योग्य की जन्मठेप, यावर वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने लिहिले गेले. ते लिहिले जाणे स्वाभाविकही होते. परंतु या गदारोळात एक साधा प्रश्न बातम्यांच्या कोपऱ्यात डोकावला आणि विरून गेला. ती जागा कोणाच्या ताब्यात होती? कुंपण दुरुस्त करणे, फाटकावर माणूस ठेवणे, दोन दिवे लावणे हे कोणाचे काम होते? आणि ते काम झाले नाही म्हणून त्या दोन स्त्रियांना कोणी काही देणे लागत होते की नाही?

गुन्हा गुन्हेगाराने केला आणि त्याची शिक्षा त्यानेच भोगली पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु गुन्हेगाराला शिक्षा करणे ही एक गोष्ट आहे आणि ज्याच्या हयगयीने गुन्ह्याला वाट मोकळी झाली त्याच्याकडून नुकसानभरपाई घेणे ही दुसरी. पहिली केली म्हणजे दुसरीची गरज उरत नाही, असे आपण का मानून चालतो, हे मला कळत नाही. मी कायद्याचा अभ्यासक नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण हा प्रश्न जितका वकिलांचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे, कारण तळाशी तो खर्चाचा प्रश्न आहे. सुरक्षिततेवर खर्च करायचा कोणी आणि तो न केल्याने झालेले नुकसान सोसायचे कोणी, हा तो प्रश्न. आपल्याकडे या दोन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. जो खर्च टाळतो त्याला त्याची झळ लागत नाही, आणि जिला झळ लागते तिच्या हातात तो खर्च करणे नसते.

वॉशिंग्टनमधील एक इमारत

हा प्रश्न न्यायालयात उभा राहिला तर काय होते, हे पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेच्या राजधानीत जावे लागेल. वॉशिंग्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूवर ५८५ बिऱ्हाडांची एक भाड्याची इमारत होती. १९५९ साली एक स्त्री तेथे राहायला आली तेव्हा मुख्य दारावर चोवीस तास दरवान असे, आतल्या दालनात कारकून बसे, एका बाजूच्या दारावर गाड्यांच्या तळावरील नोकरांची नजर असे आणि दुसऱ्या बाजूचे दार रात्री नऊनंतर बंद होई. पुढच्या सात वर्षांत परिसरातील गुन्हे वाढले आणि इमारतीचा बंदोबस्त मात्र कमी होत गेला. दरवान गेला. कारकुनाची खुर्ची पुष्कळदा रिकामी दिसू लागली. रात्री बंद व्हायचे दार रात्रभर उघडे राहू लागले. इमारतीच्या सामायिक जागेत चोऱ्या आणि हल्ले होत होते, मालकांना ते ठाऊकही होते. १७ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास त्या स्त्रीवर तिच्याच दाराबाहेरच्या बोळात हल्ला झाला आणि तिला लुटण्यात आले. तत्पूर्वी दोनेक महिने आधी दुसऱ्या एका भाडेकरू स्त्रीवर त्याच बोळात असाच हल्ला झाला होता.

खालच्या न्यायालयाने मालकाची बाजू घेतली. रस्त्यावरच्या गुन्हेगाराला आवरणे हे पोलिसांचे काम, घरमालकाचे नव्हे, हे त्या काळचे रूढ मत होते आणि आपल्याकडे आजही बहुतेकांचे तेच मत असेल. १९७० साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती माल्कम विल्की यांचा युक्तिवाद फार सरळ आहे. बोळात दिवा लावण्याचा, दाराला कुलूप घालण्याचा, दरवान नेमण्याचा अधिकार एकट्या भाडेकरूला नाही, पोलीस खाजगी इमारतीच्या बोळातून गस्त घालीत नाहीत, म्हणजे त्या जागी काही करू शकणारा एकच पक्ष उरतो, तो म्हणजे मालक. तेव्हा ती स्त्री राहायला आली त्या वेळी जेवढा बंदोबस्त होता, तेवढा तरी राखणे त्याचे कर्तव्य ठरते. मालक हा काही भाडेकरूंच्या सुरक्षिततेचा विमा उतरवून बसलेला नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. आणि एक गोष्ट लपवली नाही: हा खर्च शेवटी भाड्यातूनच वसूल होणार. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला हे वाक्य विशेष भावते, कारण न्यायालये सहसा असा हिशेब मांडीत नाहीत.

त्या देशात त्यानंतर या स्वरूपाच्या दाव्यांची रीघ लागली. १९७४ साली न्यूयॉर्कजवळच्या एका प्रवासी निवासात एका प्रसिद्ध गायिकेवर अत्याचार झाला. खोलीची सरकती काचेची दारे बाहेरून सहज उघडता येत होती. ज्यूरीने १९७६ मध्ये तिला पंचवीस लाख डॉलर भरपाई ठरवली. २०१७ साली लास व्हेगासमधील एका हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने समोरच्या संगीत मेळाव्यावर गोळीबार करून कित्येक डझन माणसे मारली. त्या हॉटेलच्या मालक कंपनीने आपली जबाबदारी मान्य न करताही २०२० साली जखमी आणि मृतांच्या नातेवाइकांशी ऐंशी कोटी डॉलरची तडजोड केली. त्यांपैकी पंच्याहत्तर कोटी दहा लाख विमा कंपन्यांनी दिले. आकडा मोठा आहे म्हणून तो मी सांगत नाही. विमा कंपनी एकदा पैसे देऊ लागली की ती हप्ता ठरवण्याआधी दारे, दिवे, कॅमेरे तपासायला माणूस पाठवते. नगरपालिकेच्या निरीक्षकापेक्षा हा माणूस अधिक चिकित्सक असतो, कारण त्याच्या मालकाचे पैसे पणाला लागलेले असतात.

खर्चाचे गणित

न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी १९४७ साली एका खटल्यात जे सूत्र मांडले, ते अर्थशास्त्राच्या वर्गात आजही सांगितले जाते. न्यूयॉर्क बंदरात पिठाने भरलेला एक पडाव सुटून बुडाला होता. पडावावर राखणीला नेमलेला माणूस एकवीस तास जागेवर नव्हता. राखणदार जागेवर न ठेवणे हा निष्काळजीपणा कधी ठरतो? हँड म्हणाले, अपघाताची शक्यता आणि त्यातून होणारे नुकसान यांचा गुणाकार करा. खबरदारीचा खर्च त्याहून कमी असूनही ती घेतली नसेल, तर तो निष्काळजीपणा. हे सूत्र पडावाचे आहे, पण वसतिगृहाच्या जिन्याला ते तितकेच लागू पडते. जिन्यात दिवा लावण्याचा खर्च किती, अंधार असल्याने अनर्थ घडण्याची शक्यता किती आणि अनर्थ घडला तर गमावले जाणारे किती, ही तुलना करण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

यावर अर्थशास्त्राचा एखादा हुशार विद्यार्थी रोनाल्ड कोस यांचे नाव घेईल. कोस यांनी १९६० साली दाखवून दिले, की उभय पक्षांना वाटाघाटी विनासायास करता येत असतील, तर कायद्याने भार कोणावर टाकला याने फारसा फरक पडत नाही. सुरक्षितता हवी असलेला भाडेकरू ती जादा पैसे देऊन विकत घेईल. तर्क बिनचूक आहे, पण त्यातील 'विनासायास' हा शब्द वाचून पुढे जाणाऱ्यांची फसगत होते. लातूरहून मुंबईला शिकायला आलेली अठरा वर्षांची मुलगी वसतिगृहाच्या अधीक्षकांशी पहाऱ्याच्या दराविषयी वाटाघाटी करणार आहे काय? तिला मिळते ती खोली. त्यातही मागच्या दाराची कडी मोडलेली आहे, हे तिला खोली घेताना ठाऊक नसते, व्यवस्थापनाला मात्र ठाऊक असते. जेथे वाटाघाटी शक्य नाहीत तेथे भार कोणावर टाकावा, याचे उत्तर गिडो कॅलब्रेसी यांनी १९७० साली अपघातांच्या खर्चावरील आपल्या ग्रंथात दिले. जो कमीत कमी खर्चात अनर्थ टाळू शकतो त्याच्यावर तो टाका. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने त्याच वर्षी, बहुधा कोणताही आलेख न काढता, हेच सांगितले होते.

गाडीला न्याय, माणसाला प्रतीक्षा

आता आपल्या देशाकडे येऊ. इंग्लंडमध्ये जागेच्या भोगवटादाराची जबाबदारी सांगणारा कायदा १९५७ पासून आहे. आपण इंग्रजांकडून अपकृत्यांचे न्यायतत्त्व घेतले, पण असा कायदा केला नाही. दावा लावण्यास बंदी नाही. परंतु भरपाईच्या दिवाणी दाव्यात मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते, आणि तारखा पडत राहतात. याचा दाखला परदेशी न्यायालयातच नोंदला गेला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात सापडलेला एक ब्रिटिश तरुण खिडकीतून निसटण्याच्या प्रयत्नात खाली पडून कायमचा पंगू झाला. बंदोबस्त अपुरा होता असे म्हणून त्याने लंडनमध्ये दावा लावला. हॉटेलच्या मालक कंपनीने म्हटले, हा दावा मुंबईतच चालावा. २०१३ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने ती विनंती फेटाळली. भारतात हा दावा निकाली निघण्यास लागणारा दीर्घ काळ, हा त्यामागील विचारांपैकी एक होता. हॉटेल दोषी होते की नव्हते याचा निर्णय त्या टप्प्यावर झालेला नव्हता, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. पण आपल्या न्यायव्यवस्थेची मंदगती हा दुसऱ्या देशातील खटल्यात पुराव्याचा विषय व्हावा, यात आपल्याला शरम वाटण्याजोगे काहीतरी आहे.

याउलट एका मोटारगाडीची कथा पाहा. १९९८ साली दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलात पाहुण्याने आपली मारुती गाडी किल्लीसह हॉटेलच्या नोकराच्या स्वाधीन केली. गाडी चोरीला गेली. 'गाडी मालकाच्या जोखमीवर' असे पावतीवर छापलेले होते, तेव्हा आमची जबाबदारी नाही, असे हॉटेलचे म्हणणे. प्रकरण ग्राहक आयोगांमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१९ साली न्यायालयाने निकाल दिला, की असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणापासून सुटका करून घेता येणार नाही. निकाल उत्तम आहे. पण त्याचा पाया निक्षेपाचा, म्हणजे वस्तू विश्वासाने स्वाधीन करण्याचा आहे. गाडीची किल्ली दिली की ती निक्षेप होते. स्वतःच्या पायांनी आत आलेला माणूस मात्र कोणाच्या स्वाधीन केलेला नसतो. आवारात शिरताना गाडीची पावती मिळते, माणसाची मिळत नाही.

आणि मग या माणसाचे, बहुधा या स्त्रीचे, काय होते? फौजदारी कायद्यात २००९ पासून पीडितांना भरपाई देण्याची तरतूद आहे. २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेतही ती कायम आहे. महाराष्ट्राने २०१३ च्या ऑक्टोबरपासून बलात्कार आणि अ‍ॅसिड हल्ल्यातील पीडितांसाठी मनोधैर्य योजना सुरू केली. या योजनांचे महत्त्व मी कमी लेखत नाही. ज्या बाईच्या घरात त्या दिवशी औषधाला पैसे नसतात तिला ते कोठून आले याची चौकशी करायची नसते. पण त्यांचा पैसा सरकारी तिजोरीतून येतो. ज्याने दिवा लावला नाही त्याच्या खिशातून काहीच जात नाही. त्याने वाचवलेला पहारेकऱ्याचा पगार हे त्याचे उत्पन्न झाले, आणि त्यातून उद्‌भवलेल्या नुकसानीचा काही हिस्सा तुम्ही-आम्ही कर भरून फेडला. कारखान्याने नदीत घाण सोडावी आणि पाणी शुद्ध करण्याचा खर्च गावाने करावा, यापेक्षा हे निराळे नाही. कारखान्याच्या बाबतीत हे अयोग्य आहे हे आता शाळकरी मुलेही सांगतात.

खेदाची गोष्ट ही, की असा वाचवणारा मालक पुष्कळदा खुद्द सरकारच असते. शक्ती मिलचा ताबा एका सार्वजनिक अधिकाऱ्याकडे होता. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडजवळच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला. संशयित तेथेच वर्षानुवर्षे काम करणारा आणि पहाऱ्याचेही काम पाहणारा माणूस होता. त्यानेही नंतर आत्महत्या केली, म्हणजे खटला चालवण्यास आरोपीही उरला नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर या सरकारी रुग्णालयात रात्रपाळीच्या डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्याच महिन्यात बदलापूरच्या एका शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले आणि संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखून धरली. मग शाळांतून कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले. आदेश, समित्या, परिपत्रके यांची आपल्याकडे वाण नाही. पण परिपत्रक मोडणाऱ्याला ज्या दिवशी स्वतःच्या अंदाजपत्रकातून भरपाई मोजावी लागेल, त्या दिवशी ते मुख्याध्यापकांच्या कपाटातून बाहेर येईल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

या भूमिकेवर आक्षेप घेता येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप पहारेकऱ्याविषयीचाच आहे. २०१२ साली वडाळ्याच्या एका इमारतीत तेथल्याच पहारेकऱ्याने एका तरुण वकील स्त्रीचा तिच्या घरात शिरून खून केला. मग पहारेकरी वाढवून काय साधणार? माझे उत्तर असे, की पहारा म्हणजे माणसांची संख्या नव्हे. खाजगी सुरक्षा संस्थांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २००५ पासून आहे, महाराष्ट्रात तर सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचा स्वतंत्र कायदा १९८१ पासून आहे. माणसाची पूर्वपीठिका तपासावी, त्याला प्रशिक्षण द्यावे, हे कागदावर सारे आहे. पण बारा तास उभा राहणारा आणि सुटीच्या दिवशी दुसऱ्या फाटकावर उभा केला जाणारा हा माणूस कमीत कमी निविदेला विकत घेतलेला असतो. कमीत कमी निविदा घेणाऱ्याला त्या निवडीचे परिणाम भोगावे लागत नाहीत, म्हणून ती तशी घेतली जाते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मालकावर दायित्व टाकले की तो संशयी होईल, आणि त्या संशयाचा काच गरिबांना बसेल. मोठ्या सोसायट्यांतून हे आजच दिसते. मोलकरणीच्या पिशव्या तपासल्या जातात, पार्सल आणणाऱ्या पोराला वेगळ्या उद्वाहनातून पाठवतात, आणि साहेबांच्या मोटारीला मात्र कोण आहे हे न पाहताच सलाम ठोकला जातो. याला सुरक्षितता म्हणत नाहीत. ज्यांच्यापासून भीती वाटते ते आणि ज्यांच्यापासून धोका असतो ते, हे दोन वर्ग नेहमी एकच नसतात. शिवाय जेथे गुन्हे अधिक तेथे दायित्व अधिक, असे झाले तर गरीब वस्तीतला घरमालक भाडे वाढवील किंवा भाड्याने जागा देणेच बंद करील. अमेरिकेत या प्रश्नावर पन्नास वर्षे रस्सीखेच चालली आहे. फ्लोरिडा राज्याने २०२३ साली कायदा करून सांगितले, की भाड्याच्या गृहसंकुलाच्या मालकाने अमुक खबरदाऱ्या घेतल्या असतील तर त्याला दोषी नाही असे गृहीत धरावे. दारांना किमान एक इंच लांबीचा खटका असलेले कुलूप, जाण्यायेण्याच्या वाटांवर कॅमेरे आणि त्यांचे चित्रण तीस दिवस जतन, वाहनतळावर ठराविक उजेड अशी ती यादी आहे. जॉर्जियाने २०२५ मध्ये अशा दाव्यांवर आणखी मर्यादा घातल्या. मालकांची संघटित शक्ती यामागे आहे हे उघडच आहे. तरीही फ्लोरिडाची ती यादी मला पूर्णपणे त्याज्य वाटत नाही. काय केले म्हणजे पुरे, हे मालकाला आगाऊ कळले पाहिजे. 'योग्य ती खबरदारी घ्यावी' या सरकारी वाक्यापेक्षा एक इंचाचा खटका बरा, कारण तो पट्टीने मोजता येतो.

परंतु एका बाबतीत अमेरिकेचे अनुकरण करण्यास माझा ठाम विरोध आहे. मालकाला धोक्याची पूर्वकल्पना होती हे ठरवायचे कसे? कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली म्हटले, एकंदर परिस्थिती पाहावी. त्याच न्यायालयाने १९९३ साली हात आखडता घेतला आणि पहारेकरी नेमण्याची अपेक्षा करायची तर त्या जागी पूर्वी तसे गुन्हे घडलेले असावेत, असा सामान्यतः दंडक घातला. आता हा दंडक शक्ती मिलला लावून पाहा. ३१ जुलैला तेथे गुन्हा घडला होता, पण त्याची फिर्याद दुसऱ्या गुन्ह्यानंतर झाली. पहिल्या स्त्रीने गप्प राहण्याची कारणे आपल्या समाजात कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या समाजात फिर्याद देणे हीच दुसरी शिक्षा ठरते, तेथे 'पूर्वी फिर्याद आली होती काय' असे विचारणारा कायदा पीडितेच्या मौनाचा फायदा मालकाला मिळवून देतो. वसतिगृहांचे, शाळांचे चालक तर 'संस्थेचे नाव खराब होईल' म्हणून तक्रारी दाबण्यात आजही निष्णात आहेत. असा नियम केला तर त्यांना दाबण्याचे आणखी एक कारण मिळेल. म्हणून आपल्याकडे जागेची परिस्थितीच पाहिली पाहिजे. पडके कुंपण, बंद दिवे, मोडकी कडी, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद नसणे, यांचा पुरावा भिंतीवरच असतो. त्यासाठी आधी कोणाचा तरी बळी जाण्याची वाट पाहावी लागू नये.

दायित्व सरसकट सर्वांवर टाकावे असेही मी म्हणत नाही. दोन खोल्यांपैकी एक भाड्याने देऊन पेन्शनला जोड देणारा निवृत्त कारकून आणि चारशे मुलींचे वसतिगृह चालवणारी संस्था यांना एकाच तराजूत घालणे अन्यायाचे होईल. जे माणसांना आत बोलावून त्यांच्या येण्यावर, राहण्यावर चालतात, अशी हॉटेले, मॉल, रुग्णालये, वसतिगृहे, शाळा, यांच्यापासून प्रारंभ करावा. त्यांत सरकारी संस्थांना वगळू नये, उलट पहिले नाव त्यांचे असावे. दावा दिवाणी न्यायालयात नेण्याऐवजी मोटार अपघातांसाठी आहे तसे न्यायाधिकरण असावे, पीडितेकडून कोर्ट फी घेऊ नये, आणि सरकारी योजनेतून आधी भरपाई देऊन ती रक्कम हयगय करणाऱ्या मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार शासनाला असावा. मोटारगाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा करणाऱ्या देशाला चारशे मुलींच्या वसतिगृहाला तो सक्तीचा करणे अवघड पडू नये.

सहकारी गृहसंस्थेत राहणाऱ्या आपणा मध्यमवर्गीयांना येथे थोडे अवघडल्यासारखे होईल, कारण तेथे मालकही आपणच आणि भाडेकरूही आपणच. साठ बिऱ्हाडांच्या इमारतीत रात्रीचा आणखी एक पहारेकरी महिना पंधरा हजारांवर ठेवला, तर प्रत्येक घरामागे अडीचशे रुपये पडतात. या अडीचशे रुपयांवरून सर्वसाधारण सभेत किती वेळ भांडण चालू शकते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय सांगावे? आमच्या गृहसंस्थेच्या मागच्या जिन्यातला दिवा गेल्या वर्षी सात महिने बंद होता. त्या जिन्याने संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुली येतात, कामवाल्या बायका जातात. सभेत प्रवेशद्वारावर नवे कॅमेरे बसवण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. जिन्याचा विषय मात्र दोनदा पुढे ढकलला गेला. तो विद्युत दुरुस्तीच्या खर्चात धरायचा की सुरक्षेच्या, यावर चिटणीस आणि खजिनदार यांचे एकमत होत नव्हते. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिक्षिकेने स्वतःच वायरमन बोलावून दिवा लावून घेतला. बल्ब आणि होल्डर मिळून दीडशे रुपयेही लागले नाहीत. त्याची पावती तिने कार्यालयात दिली आहे आणि ती अजून मंजुरीसाठी पडून आहे.